अकरावी अट

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या मुलीला नाही, ज्यांच्या शेजारी बसून वीस-पंचवीस वर्षे दुपारचा डबा खाल्ला त्या सहकाऱ्यांना नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की तसे सांगणे सोपे जाते, एवढ्यासाठीच? हेही मला नीट ठाऊक नाही. थोडे सावकाश सांगेन. आमच्या कचेरीत मुद्दा नेहमी टिप्पणीच्या शेवटी येतो. तीच सवय मला लागली आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी लिपिक आहे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा नोकरीत नवा होतो. कपाटे, खुर्च्या, फायली वाटण्याच्या कामावर मला लावले होते — हे इथे राहील, ते तिकडे जाईल. वस्तूवर चिठ्ठी चिकटवली की वाद मिटायचा. कोणती वस्तू कुणाची, हे एकदा ठरले की ठरले. माणसांच्या बाबतीतही असेच असते, असे मला फार काळ वाटत राहिले.

पुढे माझे नाव झाले ते करारनाम्यांसाठी. अटी व शर्ती लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून जेव्हा समितीने अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ माणसांसाठी घरपोच शुश्रूषेचे काम हाती घेतले, तेव्हा करारनामा माझ्याकडेच आला. काम खरोखर चांगले होते. लकवा झालेली, हाडे मोडलेली, एकटी पडलेली माणसे गावोगावी असतात. घरचे लोक भाताच्या रोवणीला गेले की दिवसभर त्यांना पाणी द्यायला कुणी नसते. बचत गटांकडून अर्ज मागवायचे, त्यांतल्या बायकांना ग्रामीण रुग्णालयात महिनाभर शिकवायचे, आणि एका वर्षाच्या करारावर घरे वाटून द्यायची. सेविकेने रोज जावे, अंघोळ घालावी, भरवावे, कूस बदलावी, सांगितलेला व्यायाम करून घ्यावा, आणि भेटपत्रकावर घरच्याची सही घ्यावी.

मी दहा अटी लिहिल्या. प्रशिक्षणाचा दाखला, ओळखपत्र, हातमोजे, घरच्यांकडून भेटवस्तू न घेणे — अशा. दहावी अट होती की सेवा देताना सेविकेने तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊ नये. गटविकास अधिकारी साहेब ती वाचून मोठ्याने हसले होते. ‘‘मनोहरराव, ही अट आधी आपल्या कचेरीला लावा,’’ म्हणाले. दहा अटी. हा आकडा लक्षात असू द्या.

त्याच वर्षी आषाढात माझ्या पत्नीला, कुसुमला, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचे सारे, बोलता काही येत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते — पहिल्या दीड-दोन वर्षांत जे परत येईल तेच येईल, तेवढ्या काळात रोज कुणीतरी तिच्याशी बोलत राहिले पाहिजे. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पुढचे वाचताना हे विसरू नका. मीही विसरलो नव्हतो.

मी दोन महिने रजा काढली. तिला भरवले, पुसले, उचलले. तिच्याशी बोललोही, पण काय बोलायचे? मी सूचना द्यायचो. ‘म्हण — पाणी. म्हण — औषध.’ ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग डोळे मिटून घ्यायची.

रजा संपली तेव्हा योजनेत तिचे नाव घातले. ती फाइल मी मुद्दाम दुसऱ्या टेबलावर पाठवली. स्वतःच्या घरचे प्रकरण स्वतः हाताळू नये, या बाबतीत मी काटेकोर होतो. त्याचा मला अभिमानही होता. आमच्या घरी जी सेविका आली तिचे नाव वंदना. चाळिशीची, सडसडीत, आवाज उंच. पहिल्याच दिवशी चप्पल काढता काढता तिने विचारले, ‘‘बाई कोनत्या गावची जी?’’ मी म्हणालो, बपेऱ्याची — मध्य प्रदेशच्या सीमेवर, नदीकाठी. ती थेट आत गेली आणि पलंगाजवळ बसून म्हणाली, ‘‘अवं माय! मी नदीच्या याच अंगची. म्हंजे आपन मायेरच्याच झालो ना वं!’’

आणि कुसुम हसली. तोंड एका बाजूला ओढले गेले, पण हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी दारात उभा होतो.

इथे मला आणखी मागे जावे लागेल. कुसुम लग्न होऊन आली तेव्हा तिची बोली सीमेवरच्या गावची होती, अर्धी झाडीबोली, अर्धी हिंदी. मला शुद्ध भाषेची फार हौस. मी तिला सुधारले. चारचौघांत सुधारले. ती ‘मले’ म्हणाली की मी हळू आवाजात ‘मला’ म्हणायचो; ओरडलो कधीच नाही. काही वर्षांनी ती माझ्यासारखे बोलू लागली, आणि थोडे कमी बोलू लागली. माहेरच्या बायका आल्या की मात्र परसात तिची बोली परत यायची, तिचे हसणेही. मी पाय वाजवला की ते थांबायचे. मला तेव्हाही ते आवडायचे नाही. माझ्या बायकोजवळ माझ्यासाठी नसलेले असे काही आहे, हे मला सहन व्हायचे नाही — एवढेच ते होते. त्याला मी संस्कार म्हणायचो.

वंदना तिच्याशी तिच्या बोलीत बोलायची. एकटीच दोघींचे बोलायची. एका ताटात तांदूळ पसरून ती कुसुमचा आखडलेला उजवा हात त्यावर ठेवायची आणि बोटांनी खडे वेचायला लावायची. एकदा मी तांदूळ हातात घेतला तर त्यात अंगणातले खडे! मी चिडलो. निवडलेल्या तांदळात हे कुणी घातले? वंदना शांतपणे म्हणाली, ‘‘मीच टाकली जी. नाही तं बाई कायले हात हालवंल? खडा दिसला का तिले राग येते. राग आला का हात चालते.’’

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी घरी जेवायला आलो तर वंदना अंगणातच आडवी आली. ‘‘बाबूजी, बाई बोलली!’’ काय बोलली? ‘‘खडा! खडा म्हनली!’’ तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी आत धावलो. कुसुमपुढे बसलो, ताट पुढे केले, म्हटले — ‘म्हण बरे, खडा.’ तिने माझ्याकडे पाहिले. ओठ हलवले. मग वंदनाकडे पाहिले. शब्द आला नाही.

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. झाला. पण तुम्हाला खरे सांगायचे म्हणून बसलो आहे — आनंदाच्या आत दुसरेच काही होते. वीस वर्षे मी तिच्याशी बोलत आलो. तो पहिला शब्द माझ्यासमोर का नाही? माझ्यासाठी का नाही?

त्यानंतर शब्द येत गेले. चूल. बोडी, म्हणजे गावचे तळे. नाक. ‘जाय’ — हा शब्द ती मला उद्देशून म्हणाली, आणि वंदना तोंडाला पदर लावून हसली. मी मात्र दुपारी घरी येताना फाटकापाशी मोटारसायकल बंद करून ढकलत आणू लागलो. ऐकण्यासाठी. आतून दोघींचे हसणे यायचे, एखादी ओळ पुन्हा पुन्हा घोळवल्यासारखा आवाज यायचा, मग एक अर्धवट शब्द, मग पुन्हा हसणे. आणि मी पायरीवर पाय ठेवला की वंदनाचा दबका आवाज — ‘‘चुप वं, बाबूजी आले!’’ — आणि सारे शांत. मी आत जायचो तर दोन्ही चेहरे असे, की जणू काही झालेच नाही.

काय लपवत होत्या माझ्यापासून? माझ्या घरात, माझ्या पलंगावर? मी वंदनाच्या भेटपत्रकातल्या वेळा तपासू लागलो. ठरलेल्या एका तासाऐवजी ती दोन-दोन तास थांबत होती — कमी नव्हे, जास्त. दोष काढायला तेवढाच सापडला. कुसुमला मी भरवायला बसलो की ती चार घासांत तोंड फिरवायची. वंदनाच्या हातचे सगळे संपायचे. रविवारी वंदना येत नसे. रविवारी कुसुम दाराकडे तोंड करून पडून राहायची. त्या दाराकडे ती माझ्यासाठी कधी बघत होती का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत उठून गेलो.

मार्च आला. करार वाढवायचा होता. साहेब म्हणाले, मागचाच मसुदा घ्या, काही सुधारणा वाटत असतील तर सुचवा.

रविवार होता, दुपारची वेळ. मला मसुदा मोठ्याने वाचण्याची सवय आहे. वाक्य कुठे अडखळते ते कानाला कळते. लग्न झाल्यापासून मी कुसुमला माझे मसुदे वाचून दाखवत आलो. तिला त्यातले किती कळायचे, विचारले नाही. पण ती ऐकायची. आजारातही ही सवय राहिली होती. त्या दिवशी मी तिच्या पलंगाजवळ टेबल ओढून बसलो आणि वाचू लागलो. अट एक. अट दोन. खर्ऱ्याच्या अटीला ती हसलीही. त्या कागदावर खाली, नुकत्याच वाळलेल्या शाईत, अकरावी अट होती. मी दहाव्या अटीपाशी थांबलो.

कुसुमने डावा हात उचलून खूण केली — पुढे?

मी म्हणालो, ‘‘संपले.’’

अकरावी अट अशी होती: ‘लाभार्थी व सेविका यांच्यात हितसंबंध निर्माण होऊ नयेत यास्तव कोणतीही सेविका एकाच घरी सलग तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ नेमता येणार नाही. तदनंतर तिची अन्य गावी बदली करण्यात यावी.’

बदली. आमच्या नोकरीतला सर्वांत ओळखीचा शब्द. माणूस एका खुर्चीवर फार बसला की त्याचे लागेबांधे तयार होतात, म्हणून त्याला हलवायचे. तो नियम मी उचलला आणि जिथे लागेबांधे हेच औषध होते, तिथे नेऊन ठेवला. साहेबांनी अट दोनदा वाचली. ‘‘वा, मनोहरराव! हे कुणाच्या डोक्यात आले नसते. आणि स्वतःच्या घरालाही लागू होते, म्हणजे कुणी बोट दाखवू शकणार नाही.’’ मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या घरांच्या सेविका बदलल्या. आदल्या दिवशी वंदना निरोप घ्यायला थांबली होती. कुसुमने तिचा पदर डाव्या मुठीत धरला होता. वंदनाने मला विचारले, ‘‘बाबूजी, हे अकरावी अट कोनं टाकली जी? काहून टाकली? बाई आता कुठं बोलून राहिली होती.’’

मी म्हणालो, ‘‘वरून आदेश आहे.’’

तिने विश्वास ठेवला. वरून आलेल्या गोष्टींवर आपल्याकडे माणसे विश्वास ठेवतात. तिने कुसुमची बोटे एकेक करून पदरापासून सोडवली. मी ते उभ्याने पाहिले. आणि तुम्हाला सांगू? — त्या क्षणी माझ्या मनात दुःखाच्या आधी जे आले ते समाधान होते. आता ती माझ्याकडे बघेल.

ती बघेना. दर तीन महिन्यांनी नवी बाई यायची. कामात कसूर नसायची, पण ओळख होईपर्यंत तिचीही बदली व्हायची. कुसुमचे शब्द आधी विरळ झाले, मग थांबले. पुढच्या दिवाळीत ‘खडा’ही गेला. मी स्वतः तांदळात खडे टाकून ताट तिच्यापुढे ठेवले, तिची बोली बोलायचा प्रयत्न केला. ‘‘खडा हाय का वं?’’ असे म्हटले. तिने डाव्या हाताने ताट ढकलून दिले. कितीतरी महिन्यांनी ती ते ताट पुन्हा घेऊ लागली. पण मुक्यानेच वेचते.

आमच्याच घरापुरते हे राहिले असते तरी एक वेळ — नाही, तसेही म्हणता येणार नाही. नदीकाठच्या एका गावी डोळे गेलेला एक म्हातारा होता. सेविकेला तो बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायचा. नवी बाई आली तेव्हा तिचा हात धरून हलवून पाहिला, आणि दार लावून घेतले. पुन्हा कुणालाच अंगाला हात लावू दिला नाही. त्याच्या मुलाने अर्ज केला, जुनी बाई परत द्या म्हणून. त्या अर्जाचे उत्तर मी लिहिले: ‘करारनाम्यातील अट क्रमांक अकरा पाहावी.’ उन्हाळा सरायच्या आत म्हातारा गेला. तो त्यानेच गेला असे मी म्हणू शकत नाही. त्याने गेला नाही असेही म्हणू शकत नाही.

वंदनाने वर्षभरात ते काम सोडले. पुढे मला ती वरठीला, स्टेशनवर भेटली. जवळच एका खानावळीत कामाला लागली होती. मी नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. तिनेच ओळखले, लांबूनच हाक मारली. पहिला प्रश्न — ‘‘बाई बोलते ना जी?’’

मी म्हणालो, ‘‘हो. बोलते.’’

का म्हणालो? लाज वाटली म्हणून. आणि ‘नाही’ म्हटले असते तर ती घरी आली असती, दुसऱ्याच दिवशी, आपली रोजी बुडवून. ती तशी होती. मला तिला माझ्या दारात पुन्हा उभे राहू द्यायचे नव्हते. अजूनही! एवढे होऊनही.

तिचा चेहरा उजळला. ‘‘मंग नाव घेतलं का तुमचं?’’

कसले नाव?

‘‘अजी, तुमचंच! तुमाले मालूम नाही?’’ ती फलाटावर खळखळून हसली. ‘‘दोन महिने आमी तेच तं करून राहिलो होतो. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाले बाईनं उखाना घ्यावा, असा इचार होता. कशी लाजे बाई! ‘मनो’, ‘मनो’परेंत आली होती, फक्त ‘हर’ राहिला होता. आन् तुमी मधातच टपकले का आमाले चुप बसा लागे.’’

गाडी आल्याची घोषणा झाली. ती अजून उत्तराची वाट पाहत होती. ‘‘घेतलं ना?’’

‘‘घेतले,’’ मी म्हणालो.

तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी गाडीत चढलो.

म्हणजे ज्या हसण्यावर मी दुपारच्या उन्हात फाटकाबाहेर उभा राहून जळत होतो, त्या हसण्यात मीच होतो. त्या घरात मला सोडून जे काही चालले होते, ते माझेच नाव होते. पण एक मी स्वतःला विचारले आहे — आणि तुम्हीही विचारालच. ते माझे नाव नसते, ती नुसती चुलीच्या, बोडीच्या गोष्टी करत हसत असती, तर माझे कृत्य कमी वाईट ठरले असते का? नाही. तेव्हाही ते एवढेच झाले असते. उखाण्याचे कळले म्हणून मला जास्त दुखले, हेही माझ्या त्याच स्वभावाचे लक्षण.

अट राहिली. दर वर्षी जुना मसुदा पुढे चालायचा आणि अकरावी अट त्याच्याबरोबर. ती काढायला मला कुणी अडवले नव्हते. पण अट वगळायची तर टिप्पणी लिहावी लागते, आणि टिप्पणीत कारण लिहावे लागते. यंदा, निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, मी ती टिप्पणी लिहायला घेतली. ‘कारण’ या शब्दापुढे बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी लिहिले: ‘प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने.’ नव्या साहेबांनी न वाचता सही केली. अट गेली. खोट्या कारणाने आली होती, खोट्याच कारणाने गेली. खरे कारण कोणत्याही फायलीत नाही. ते मत्सर हे होते. ते इथे लिहिले.

आज रविवार आहे. कुसुमच्या मांडीवर तांदळाचे ताट देऊन मी बाहेरच्या खोलीत लिहायला बसलो. हे सारे, जुन्या सवयीने, मी लिहिता लिहिता मोठ्याने वाचत आलो आहे. दार उघडे आहे. दहाव्या अटीपाशी माझा आवाज एकदा थांबला. आतून ताटात खडा पडल्याचा बारीक आवाज येत होता, तोही थांबला. मग मी अकरावी वाचली. वरठीचा फलाटही वाचला.

आता आत जाऊन आलो. खडे सगळे वेचून एका बाजूला ठेवलेले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ताट उचलायला मी हात पुढे केला, तर तिने ते डाव्या हाताने घट्ट धरून ठेवले.